चार नंबरचा पडदा

४ फेब्रुवारी, मंगळवार

निकृष्ट! काय शब्द आहे! छापील कागदावर, शिक्क्यासकट— 'आपण पुरवलेल्या पडद्याची शिलाई निकृष्ट असल्याचे आढळून आले आहे.' आढळून कुणाला आलं? ज्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही त्यांना!

पत्र शीतगोदामाचं. तिथं डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, ट्रक मागं येऊन लागतात. ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये, शिवाय माल आत-बाहेर करायला जी लोखंडी फळी ट्रकवर टाकतात तिच्या दोन्ही अंगांना, हातभर फटी असायच्या. आतला गारवा भसाभसा बाहेर, बाहेरची धूळ नि उंदीर आत. त्या फटी बुजवायला जाड रबरी कापडाचे पडदे आम्ही शिवून दिले. ट्रक मागं आला की पडदा त्याला घट्ट चिकटतो, निघाला की परत सरळ. सध्या नमुन्याला चार दारांना चार. महिनाभर टिकले तर उरलेली आठ दारंही आमचीच. आणि तेराव्या दिवशी हे पत्र— चार नंबरचा पडदा खालच्या कोपऱ्यात उसवला!

उसवला म्हणे! मेणाचा दोरा, दुहेरी टीप, कोपऱ्यावर वरून आणखी एक पट्टी. बावीस वर्षं मशीनवर बसतेय. ताडपत्र्या शिवल्या, तंबू शिवले, एक टाका कुणाचा परत आला नाही.

हे म्हणाले, "जाऊ दे, परत शिवून देऊ. वाद नको." यांना वाद कधीच नको असतो. म्हणून सगळे वाद माझ्या वाट्याला येतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन पाहून आले. उसवलेला नाहीच! टिपेला अगदी खेटून वीतभर उभी चीर. लांबून बघणाऱ्याला वाटावं शिलाई सुटली. पण बोट फिरवलं की कळतं— दोरा जागच्या जागी आणि कापडाची कड सरळसोट. कापलंय! कुणीतरी चक्क धारदार पात्यानं कापलंय!

वर कहर म्हणजे चिरेच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावलेली. चीर पुढं वाढू नये म्हणून! आधी कापायचं, मग मलमपट्टी करायची. असला नीटनेटका हलकटपणा मी जन्मात पाहिला नाही.

साहेबांकडे गेले. बोलताना पेनाचं बटण सारखं दाबत असतात म्हणून मी आणि वन्सं त्यांना टिकटिक म्हणतो. (वन्सं माझ्याबरोबरच काम करतात, कापड त्या कापतात आणि शिवते मी.) फोटो दाखवायला गेले तर टिकटिकनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "फोटोत काय, काहीही दिसतं, मॅडम. आमची माणसं कशाला कापतील?" टिक. "शिवून द्या." टिक. "पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." टिक टिक.

मी म्हटलं, "मग बाकीचे तीन पडदे काय माझ्या शेजारणीनं शिवलेत? ते कसे धड आहेत?"

यावर टिकटिकनं पेन खिशात खोचलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवून आले. डॉकवर गुडघे टेकून, दाभणानं, हातानं. वरून तिहेरी पट्टी. आता काप म्हणावं!

१० फेब्रुवारी, सोमवार

कापला!! त्याच जागी. तेवढाच. चिकटपट्टीसकट.

रागानं लिहितेय, ओळी वाकड्या येतायत. येऊ देत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर डोक्यात तेच. वन्सं म्हणाल्या, "उंदीर असेल गं."

"चिकटपट्टी लावणारा उंदीर, वन्सं?"

"मग त्या दुसऱ्या पडदेवाल्याचा माणूस असेल, ज्याला हे काम मिळालं नाही."

ते मात्र पटण्यासारखं आहे. हे म्हणतात, "आपण शिवायचं सोडून पहारा करायचा का?" करायचा! माझ्या शिलाईला नाव ठेवून कुणी मोकळं सुटणार असेल तर मी पहारासुद्धा करीन. उद्या सकाळपासून तिथं बसणार. टिकटिकला फोन करून सांगितलं, "बाकीच्या पडद्यांची मापं घ्यायचीत."

१२ फेब्रुवारी, बुधवार

पकडला! रंगेहाथ!

सकाळी आल्या आल्या चीर पुन्हा शिवून टाकली आणि रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागं जाऊन बसले. गारठ्यानं पाय बधिर. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन पलीकडं गेले. आणि आले कोण? फोर्कलिफ्ट चालवणारे काका! सगळे त्यांना काकाच म्हणतात. डोकं पांढरं, स्वेटरच्या कोपराला ठिगळ, बोलणं हळू. सकाळी मला बसायला स्टूल आणून देणारा माणूस हाच! कोपऱ्यात वाकले, बोटांनी टीप चाचपली आणि खिशातून खोकी उघडायचा कटर काढून सर्रकन चालवला.

मी थप्पीमागून किंचाळलेच. काका दचकले, पण पळाले नाहीत. म्हणाले, "बाई, शिलाई चांगलीय तुमची. या पट्टीनं दोन पाती खाल्ली."

वर कौतुक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग कापता कशाला?"

"मला बाहेरचं दिसावं लागतं."

बाहेरचं! वीतभर चिरेतून यांना काय नजारा बघायचाय? ट्रकचा पार्श्वभाग? विचारणार तोवर लोक धावत आले. कटर त्यांच्या हातातच होता. टिकटिक आले, विचारलं काय झालं. काका काही सांगणार, तेवढ्यात मी मध्ये पडले. सगळं मीच सांगितलं. टिकटिक म्हणाले, "लेखी द्या." दिलं! तिथंच, उभ्या उभ्या, दीड पान. 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' हे दोनदा लिहिलं. काकांच्या हातातून लिफ्टची किल्ली काढून घेतली आणि त्यांना घरी पाठवलं. मंगळवारी अकराला चौकशी.

बावीस वर्षांत कुणी माझ्या कामाला निकृष्ट म्हटलं नव्हतं. आज शब्द गिळायला लावला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टिकटिकचा फोन. आठही दारं आमची! हे दुकानात नाचायचेच बाकी होते. वन्सं कापडाचे ताके मोजायला लागल्या. चार नंबरचा पडदा शनिवारी शिवून द्यायचा.

सगळं मनासारखं झालं. तरी राग जात नाही. इतका सभ्य माणूस आणि असली खोडी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू? जे झालं ते क्रमानं लिहिते.

चार नंबरला ट्रक लागलेला होता. काम थांबवता येणार नाही म्हणाले. मी आतून, लोखंडी फळीच्या बाजूला गुडघ्यांवर, दाभण घेऊन. चीर बरोबर डोळ्यांसमोर. चिरेतून ट्रकची मागची कड आणि डॉकची भिंत दिसते, दोन्हींच्या मधून उन्हाची एक रेघ. बोटभर. दोन नंबरच्या दारावरचा लिफ्टचा ड्रायव्हर काकांच्या जागी आला होता. लिफ्ट भरून ट्रकमध्ये गेला, ब्रेक मारला, ट्रक गदकन हलला. रेघ दोन बोटं झाली. मला वाटलं मीच सरकले. तो परत आला, परत गेला. तीन बोटं. मग चार. फळीच्या टोकाकडं बघितलं तर ट्रकवर तिची जेमतेम बोटभर पकड उरलेली! आणि तो भरलेली लिफ्ट घेऊन वळून येतोय.

"थांब! अरे थांब! थांब!" दाभणासकट हात हलवत ओरडले. फळीच्या अलीकडं हातभर अंतरावर चाकं थांबली. तो उतरला, वाकून बघितलं आणि खालीच बसला. फळी सुटून तो खाली पडला असता तर लिफ्ट त्याच्या अंगावर गेली असती.

पाणी पिऊन म्हणाला, "काका असते तर त्यांनी आधीच हात केला असता."

"कुठून बघून?"

त्यानं चिरेकडं बोट दाखवलं.

चार नंबरसमोर जमिनीला उतार आहे म्हणे. लिफ्टच्या प्रत्येक ब्रेकला ट्रक थोडाथोडा पुढं जातो. चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे आठ होते, उरलेत दोन. पूर्वी मोठी फट होती तेव्हा ट्रक सरकला की उजेड वाढायचा, आतल्या कुणालाही कळायचं. ती फट मी बुजवली. छान, हवा जाणार नाही इतकी घट्ट.

दाभण तसंच पिशवीत टाकलं आणि निघून आले. शिवलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पत्ता विचारत काकांकडं गेले. दोन खोल्या. दारात काकूंनी ओळखलं असावं. पाण्याचा पेला ठेवला आणि आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

काका चपलेला खिळा मारत बसले होते. मी म्हटलं, "मला सांगायचं तरी!"

"सांगायलाच लागलो होतो, बाई. तुम्ही लिहायला लागलात."

चपराक मारली असती तरी बरं होतं.

"आणि साहेबांना?"

"दोनदा सांगितलं. म्हणाले, आता पडदे लागलेत, गारवा टिकतोय, तक्रार कसली करता." मग चप्पल उलटीपालटी करून बघत म्हणाले, "सगळा पडदा कशाला नासवायचा? चार बोटं दिसलं की भागतं. एवढं सोडून तुमच्या कामाला मी हात लावला नाही."

एप्रिलच्या शेवटी निवृत्त होणार आहेत. सत्तावीस वर्षं, एकाही माणसाला खरचटू दिलं नाही, असं सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा चढला. आता चौकशीत काढून टाकलं तर निवृत्त नव्हे, हाकललेले. शेवटी मिळायचं ते काही मिळणार नाही. कशामुळं? माझ्या दीड पानामुळं!

घरी येताना स्वतःला मोठ्यानं शिव्या घातल्या. रस्त्यात एक बाई वळून बघायला लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टिकटिककडं तासभर बसले. सगळं सांगितलं. उतार, ठोकळे, शनिवारचं.

"ट्रक सरकतो असं माझ्याकडं कुणी लेखी दिलेलं नाही." टिक.

"मी देते."

"द्या की. गोदाम तपासणीला बंद होईल, तुमच्या आठ दारांचंही मग कुणी सांगावं. ठोकळे मागवलेत मी. विषय संपला."

"आणि काका?"

"कारण काहीही असो, मॅडम, कंपनीची वस्तू कापली ना? मुद्दाम केलेलं नुकसान. नियम आहे." टिक. "आणि साक्षीदार तुम्ही एकट्याच आहात."

"मग मी तक्रार मागं घेते."

इथं हसले! दात दाखवून हसले! "घ्या ना. मग पडदा आपोआप फाटला का? कुणी कापला नाही म्हटल्यावर दोष कुणाचा, तुम्हीच सांगा."

असा संताप आला, असा संताप आला की ते पेन हिसकावून खिडकीबाहेर भिरकावून द्यावं. माणूस मरता मरता वाचला आणि हा नियम सांगतो! मी उठले. दार आपटलं. आपटून आवाज झाला नाही, त्याला खालून आमचीच रबरी पट्टी आहे.

घरी सगळं सांगितलं. ज्यांना वाद नको असतो ते चक्क वाद घालायला लागले. "आठ दारं, अगं! आणि नाव? उद्या दुसरा कोण काम देईल?" यांचं चुकत नाहीये.

वन्सं तेवढा वेळ कातरीला तेल लावत होत्या. मी विचारलं, "वन्सं, ते आरपार दिसणारं कापड किती उरलंय?"

"एका खिडकीपुरतं आहे," म्हणाल्या. आणि माप विचारलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशीच्या आधी, साडेदहाला, पत्र देऊन आले. 'चार नंबरचा पडदा आमच्याच शिलाईतून उसवला होता. काका फक्त लोंबणारे धागे कापत होते, माझी पाहण्यात चूक झाली. पडदा बदलून देत आहोत, कोपऱ्यात खिडकी बसवून.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.