ताटाकडं बघणारी माणसं

बुधवार, दिवेलागणीची वेळ. मी सांगतेय, सूनबाई मनीषा लिहितेय.

आज मला संत्याचा, म्हंजे माझ्याच पोराचा, लई राग आलाय. चाकणला त्याच्या कंपनीच्या गेटावरचं कुत्रं त्यानं रविवारी हौसेनं घरी आणलं. तवापासून कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलं न्हाई. लावंल कसं? वाटी ठेवली की सगळं घर भोवती उकिडवं बसतंय. संत्याच्या हातात मोबाईल, तोंडानं "खा ना राजा, खा ना" चालूच.

सकाळी शिफ्टला जाताना म्हणतो, "आई, उद्यापर्यंत खाल्लं न्हाई तर परत गेटावर सोडतो." तिथं दिवसरात ट्रक पळत्यात. सोडतो म्हणं! ते काय भाजीची पिशवी हाय?

मी नवी नवरी म्हणून दिघीला आले, तवा सासूबाई अशाच माझ्या ताटाकडं बघत बसायच्या. घास गळ्याखाली उतरायचा न्हाई. चुलीकडं तोंड करून, चोरून जेवायची मी. खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, एवढं कळंना व्हय या घोड्याला?

मघाशी मीच दुधात भाकरी कुस्करली, वाटी कोपऱ्यात सरकवली आन् भिंतीकडं तोंड करून बसले. तेवढ्यात संत्या आला, लगेच मोबाईल काढला. म्हणलं, "जिन्यात जाऊन उभा राहा. मी हाक मारल्याबिगर आत यायचं न्हाई." चाळिशीचा गडी, मुकाट गेला.

मागून लपालपा आवाज येतोय. मनीषा, वर बघू नको. लिहीत राहा.