आत्याबाईंचा जबडा

सौ. झोफकाताईस त्सिरिलचा नमस्कार.

तुझा गुडघा आता काय म्हणतोय? थंडी पडायच्या आत दाजींचा खोकला गेला असेल तर बरं. मी ठणठणीत आहे. फक्त चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरली नाही, त्याचीच ही हकिगत.

आमच्या रानातली म्हातारी वांझ हरिणी तुला आठवतच असेल, जिला आम्ही आत्याबाई म्हणतो (कुंपणावरून मान घालून माझा कोबी खाते आणि हाकललं तर चघळत बघत राहते). यंदा तिला मारायचं काम शिकारमंडळाने माझ्यावर टाकलं. गेल्या आठवड्यात पहाटेच्या धुक्यात दिसली, बार काढला. रीतीप्रमाणे टोपी काढली, तिचं तोंड उघडून शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी दातांत ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिलो. खरंच भरून आलं गं, इतक्या वर्षांची सोबत. पण तिथेच घात झाला. नवख्यांना दातांवरून हरणाचं वय ओळखायला शिकवणारा मी, स्वतःच्या हाताने तोंड उघडलं आणि डोळे मिटले!

रविवारी मंडळाला गुलाशाचं जेवण. म्हातारीचं मांस म्हणून आमच्या हिने सकाळीच चुलीवर चढवलं, तर कांदा विरघळायच्या आत मांस लोण्यासारखं. "तुझ्या हाताला गुण आहे," मी म्हटलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज बरा दिसला!" ती म्हणाली. फ्लोर्यान (आमचा अध्यक्ष, वार्षिक तपासणीत सगळ्यांचे जबडे तोच बघतो) पोटभर जेवला आणि आत्याबाईंच्या नावाने पेला उंचावून रडला. मीही रडलो.

सोमवारी तपासणीसाठी जबडा उकळून साफ केला, तर तिसरी दाढ तीन फाकांची. म्हणजे दुधाची! पक्की दाढ दोन फाकांची येते, हे मी किती जणांना कान धरून शिकवलंय. दोन वर्षंही न भरलेली पोर होती ती. आता शनिवारी तपासणीत जबड्याला चुकीच्या शिकारीची लाल खूण लागणार, आणि शिकवणी माझ्याकडून काढून फ्लोर्यानच्या जावयाला देणार (त्याला स्वतःची अक्कलदाढ आलेली कळली नव्हती). ती शिकवणी गेली तर मी दिवसभर करू काय, ताई? पण चूक ती चूक. ताठ मानेने कबूल करायचं ठरवलंय.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
त्सिरिल

ता. क. तुमच्या माळ्यावर बाबांच्या खोक्यात एका म्हाताऱ्या हरिणीचा जबडा आहे, दाढा पार हिरडीपर्यंत झिजलेल्या. तेवढा शनिवारच्या आत पाठव. वर 'मध' असं लिही.

आणखी ता. क. पाठवू नकोस. पाकीट चिकटवत होतो, तोच उरलेला गुलाश खायला फ्लोर्यान आला. खिडकीशी बसला, घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला. "त्सिरिल," म्हणाला, "रविवारी आपण रडलो ते कोणासाठी रे?" कुंपणापाशी आत्याबाई उभ्या, तोंडात माझा शेवटचा कोबी. शिकवणी गेली. पण खरं सांगू? तिला बघून इतका आनंद झाला की हाकलायचंही सुचलं नाही. तेव्हा जबडा राहू दे. त्याऐवजी खोकंभर कोबी पाठव, आणि आम्हा दोघांपुरता नको, तिघांपुरता पाठव.