कुलूप माझंच, बाहेर मीच

८ डिसें., सोम.

मशीन चढलं! अण्णांच्या कृषी केंद्रात बिलं करायचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. तो दुकानावरच्या अभ्यासिकेत नेला, धूळ काढली, लिनक्स टाकलं. काळ्या पडद्यावर माझं नाव आलं, पुढं कर्सर उघडझाप करायलाय. कॉलेजात दोन वर्षांत असं कधी वाटलं न्हाय. तिथं लॅबला कुलूप अन् सरांना राग. मलाही राग. सोडलं ते सोडलं.

अण्णांची अट: २० तारखेला सकाळी पोलीस भरतीचा सराव पेपर. अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी तो आपापल्या फोनवर ह्या मशीनवरनं द्यायचा. जमलं तर मशीन वर राहील, अन् मीही. न्हाय तर दोघंही जिना उतरायचं.

माझ्यासाठी शब्द टाकला शि.नं. अण्णांची पोरगी, तीही भरतीच्याच तयारीत. शिवलीला. (पूर्ण नाव एवढंच एकदा. पुढं नुसतं शि.)

अण्णांनी मशीनला विभूतीचे तीन पट्टे ओढले. उदबत्ती पंख्याच्या तोंडाशी लावायले होते, ती तेवढी मी लांब केली.

११ डिसें.

रोज सकाळी मशीन मेलेलं. आज कारण घावलं. दुकान बंद करताना अण्णा दिव्याला हात जोडतात अन् मेन स्विच खाली ओढतात. लई जुनी सवय. वरची लाईन पण त्याच्यावरच!

डोकं फिरलं. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "अण्णा, चालत्या मशीनचा गळा दाबताय तुम्ही!"

अण्णा चिडले की कन्नडवर जातात. आज गेले. शेवटी मराठीत आले ते असे: "दुकान माझं. बटन माझं. तू कोण रे?"

बरोबर हाय. मी कोण.

१३ डिसें.

शि.नं तोडगा काढला. वायरमन बोलावून मीटरपासनं वेगळी वायर वर आणली. बोर्डावर चिठ्ठी: 'हात लावू नये.' खाली तिची सही. अण्णा चिठ्ठी वाचून निघून गेले म्हणे. तिच्यापुढं सगळ्यांचंच मेन स्विच खाली.

मला म्हणली, "अण्णांना सॉरी म्हण."

"बघू."

"बघू न्हाय. म्हण."

अजून म्हणलो न्हाय. तोंडाला कुलूप.

१८ डिसें.

पेपर चढवला. माझ्या फोनवर उघडला. तिच्या फोनवर उघडला. "उघडला की!" अशी ओरडली की अभ्यासाला बसलेल्यांनी श्श केलं. तिचा चेहरा लई म्हणजे लई... जाऊ दे.

संध्याकाळी घरून मशीनशी जोडणी केली अन् हुशारी केली. बाहेरचं कुणी आत घुसू नये म्हणून फायरवॉल चालू केली. मशीननं विचारलंही, चालू जोडणी तुटू शकते, करू का? मी अजून त्या 'उघडला की'मध्येच. हो म्हणलं. बाहेर पडलो. परत आत घेईना! सगळी दारं बंद, पेपरचं पण. शेताला काट्या लावताना स्वतःसाठी वाट सोडायची विसरणारा पहिला गडी मीच.

आता मशीनसमोर बसूनच सोडवावं लागणार. सकाळी अण्णांकडनं अभ्यासिकेची किल्ली घेतो.

सकाळी? उद्या अमावस्या, येळवस! सगळं गाव शेतात पूजेला, जेवायला. परवा पेपर.

१९ डिसें. येळवस

आख्ख्या बेंबळी गावात चिटपाखरू न्हाय. कुलपाकडं बघत उभा राहिलो, शटरला लाथ मारली. पाय ठणकतोय. संध्याकाळपर्यंत थांबायला जमलं तर मी कसला. गाडी काढली, थेट अण्णांचं शेत.

कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव पुजलेले, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास.

"अण्णा, किल्ली."

"बस."

"घाई हाय अण्णा, मशीन..."

"मशीन पळून चाललंय का? येळवशीला शेतात आलेला माणूस उपाशी जातोय व्हय? बस खाली."

बसलो. शि.नं भज्जी वाढली, शेजारी ज्वारी-ताकाच्या आंबिलीचा तांब्या. मग सांगावंच लागलं काय झालं ते.

अण्णांनी सगळं ऐकलं. "म्हंजी कुलूप तूच घातलास, अन् तूच भाईर राहिलास?"

"व्हय."

असे हसले की खोप हलली. शि. वाढता वाढता म्हणते, "हे कॉलेजातनं बी असंच भाईर आलं असंल, अण्णा."

कान तापले. उठणारच होतो. तिनं माझ्या ताटात परत भज्जी ओतली. भरल्या ताटावरनं उठता येत न्हाय, हे तिला पक्कं ठाऊक.

कसंतरी म्हणलं, "अण्णा, त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. चुकलं."

"आंबिल पी," म्हणले. अन् कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून ताटाशेजारी ठेवली.

२० डिसें.

झालं!!

काल शेतातनं परत येऊन आधी माझी वाट सोडली, मग पेपरची, मगच कुंपण. सकाळी अण्णा स्वतः दुकानातला इन्व्हर्टर वर घेऊन आले, "हे बी जोड."

पेपर अर्ध्यात आला अन् लाईट गेली. खालून अण्णांचा आवाज: "मी न्हाय रे पाडलं मेन!" सगळे खिदळले. फोन एकही अडकला न्हाय.

पेपरात शि. पहिली आली. अण्णा म्हणले, "मशीन राहू दे." माझं काय, ते बोलले न्हायत. पण चहा दोघांसाठी सांगितला, त्यांना अन् मला.

२४ डिसें.

शि.: "मशीनचा सगळा ताबा तुझ्याच हातात का? उद्या तू कुणाशी भांडून गेलास तर?"

"जात न्हाय."

"कॉलेजात बी हेच म्हणला असशील."

दिला ताबा. माझ्याइतकाच, पुरा. ती पासवर्ड टाकेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. टकटक संपेना.

भरतीत लागली तर ती ट्रेनिंगला जाणार. त्याच्या आत मला तिला...

२६ डिसें.

दुपारी घरून आत गेलो. मशीनवर कोण कोण हाय बघितलं. दोनच नावं. वर माझं, खाली तिचं. ती तिच्या घरी, मी माझ्या. नुसतं बघत बसलो.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत: जेवलास का?

आई चुलीपासनं: "एकटाच काय हसायलास रं?"

लिहिलं, हो. खोडलं. लिहिलं, शिवलीला, तुला एक विचारायचं... खोडलं. (नाव दुसऱ्यांदा लिहिलं. वहीतनं खोडणार न्हाय.)

तिचं नाव अजून आत हाय. कर्सर उघडझाप करायलाय. आईनं ताट वाढलंय, तिला म्हणलं, थांब, आलोच.