ऑर्गनकडे निघालेली होडी

४ मे

सिरिलोनं मला ऑर्गन बघायला बोलावलं — आणि अख्ख्या दरीनं ऐकलं!

मी अंगणात नीरा उकळत होते. काकवी होत आली होती. तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून शीळ; आमच्याकडे दरीपल्याडचं सगळं बोलणं शिळेतच, शब्दन् शब्द. आधी माझं नाव, मग, "समुद्र निवला की होडी काढतो. ऑर्गन दाखवतो. येतेस?" सिरिलोचीच. त्याची शीळ शेवटी जरा घसरते, मी कुठेही ओळखेन.

मी डाव हातात घेऊन तशीच उभी. आणि आई! कोंबड्यांचे दाणे टाकून कठड्याशी धावली, दोन बोटं तोंडात घातली आणि ठणकावून उत्तर — "येते! मी पण येते! खायला काय आणू?"

मला विचारलं? छे!

"तू काय बोलणार होतीस गं? मातियास गेल्यापासून एकदा तरी बोटं तोंडात घातलीस? तुझं मीच बोलते, आजही बोलले."

खरंच आहे. माझा नवरा गेला तेव्हा शिळेऐवजी हुंदकाच यायचा. मग सवय गेली. तेव्हापासून दरीपल्याडचं सगळं आईच बोलते. पाव संपला. डॉक्टर कधी येणार? आणि माझ्याबद्दल, एलोइसा बरी आहे.

वरच्या शेतातून पूरामावशीनं लगेच शीळ घातली, "मलाही जागा ठेवा रे!"

काकवी करपली. मी हसत सुटले.

५ मे

पाववाल्यानं पाव देता देता, "होडीत पांढरा झगा घालू नकोस हं, माशांचा वास जात नाही."

शिळेला पडदा नसतो. पण मेला, त्याला कसं कळलं मी पांढराच काढून ठेवलाय?

७ मे

लाटा. सकाळी सिरिलो, "आज नाही." दरीतून कुणीतरी लांबलचक शीळ घातली — "अरेरे!" कोण ते कळलं तर त्याच्या कॉफीत मीठ घालीन.

८ मे

आज नाही.

९ मे

आजही नाही. झगा पुन्हा इस्त्री केला.

चाळिशी उलटून गेली आणि मी आरशासमोर वेण्या घालून बघतेय! शेवटी वेण्या सोडल्या. आरशातल्या बाईचं वय वाढलंय, डोळ्यांचं नाही.

मला नक्की काय बघायचंय? ऑर्गन की तो? मी जन्मले त्या ऑर्गनच्याच कड्यावर. आई माझ्याएवढी असताना त्याच्या माथ्यावर बकऱ्या चारायची. पण कड्याच्या पोटातले ते दगडी खांब जमिनीवरून दिसतच नाहीत, समुद्रात जावं लागतं. आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही.

सिरिलो कमी बोलतो. मासे पाठवतो, त्यांच्याखाली अंजिराची पानं घालून. हल्ली त्याला मला काही विचारायचंय असं वाटतं. मलाही त्यानं विचारायला हवंय. भीती एकच. त्यानं शिळेनं विचारलं तर उत्तर आई देईल. आणि काय देईल, देव जाणे!

१२ मे

गेलो! गेलो! अजून जमीन हलतेय.

होडी दोघांची. आम्ही चौघं, वर गोफिओच्या भाजक्या पिठाची पिशवी, चीजचा गोळा आणि पूरामावशीची जपमाळ. सिरिलोनं आईचा हात धरून तिला चढवलं. "ओबदुलियाकाकू, मधोमध बसा." "का रे, मी काय नांगर आहे?" मावशी डोळे मिटून प्रत्येक लाटेला वेगळ्या संताचं नाव घेत होती. संत संपले तेव्हा नात्यातल्या मेलेल्या माणसांवर आली.

आणि मग टोकाला वळसा घातला.

किती लिहू? काळेशार खांब, एकाला एक चिकटून, पाण्यातून सरळ वर. कुणीतरी कोपरे मोजून तासावेत तसे. खालचे आखूड, वरचे लांब, तंतोतंत चर्चमधल्या ऑर्गन-बाजाच्या नळ्या! लाट आत शिरली की खालून घों आवाज. माझ्या तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं. अंगावर पाणी उडत होतं आणि मी वेड्यासारखी हसत होते. पांढरा झगा चिंब.

आई गप्प. माझी आई गप्प!

मग म्हणाली, "जन्मभर याच्या डोक्यावर वावरले, तोंड आज पाहिलं." बोटं तोंडात घातली आणि त्या दगडाला स्वतःचं नाव शिळेनं सांगितलं. दगडानं ते परत दिलं. लांबवून, अगदी नीट.

"ओळखलं गं यानं मला," म्हणाली आणि बाहीनं डोळे पुसले.

तेवढ्यात सिरिलो वल्हं सोडून माझ्याकडे वाकला. "एलोइसा, मला तुला विचारायचं होतं —"

"काय विचारायचंय?" आईचे डोळे कोरडे!

सिरिलोनं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "काकू... चीज उरलंय का?"

१३ मे

विचारायचं काय होतं? चीज नक्की नाही.

१५ मे

पलीकडून एकही शीळ नाही. आई दर थोड्या वेळानं कठड्याशी जाऊन येते. "मेला बोलत का नाही? मी विचारू?"

"आई, नको!" मी इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या उडाल्या.

१७ मे

आज सिरिलो आला. चालत! पलीकडचा उतार उतरून, ओढा ओलांडून, आमचा कडा चढून. शर्ट घामानं चिकटलेला. आई चर्चला गेलेली. त्यानं अंगणात उभं राहून, अगदी हळू आवाजात विचारलं. काय ते इथेही लिहीत नाही, त्यानं एवढ्या लांबून जपून आणलेलं.

"उत्तराची घाई नाही," म्हणाला आणि आल्या वाटेनं निघाला.

तो त्याच्या अंगणात पोचलेला दिसेपर्यंत मी कठड्याशी उभी होते. मग दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती हवा. दुसऱ्यांदाही हवा. तिसऱ्यांदा त्याचं नाव. आणि, "हो."

दरी थांबली. मग खालून, चर्चच्या वाटेवरून, आईची शीळ: "कोण बोललं?"

"मी."