हंड्याखालून गेलेली हद्द

हाँगकाँग, नवा धक्का
आठव्या महिन्याचा तिसरा दिवस

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचा कम-पिउ याचा तीनदा कपाळ टेकून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? तुतीला यंदा पानं भरपूर आली का? (मागच्या पत्रात रेशीमकिड्यांची चौकशी राहिली म्हणून आपण रागावलात असं कळलं. त्यांनाही माझे आशीर्वाद सांगावेत.) इकडे सर्व क्षेम आहे. हे पत्र केवळ आपली खुशाली विचारायला लिहीत आहे, दुसरं काहीही कारण नाही.

आपल्या शाळेत मी सहा वर्षं छड्या खाल्ल्या, तेव्हा आपण म्हणाला होता की या पोराला अक्कल येईल खरी, पण वेळ टळून गेल्यावर. मामा, ती आज आली. कशी आली ते सांगतो.

मी पेजेचा हंडा मांडतो ती जागा दहा वर्षांपूर्वी समुद्र होती. सरकारने दगडमाती टाकून ती भरली, आणि ती निघाली नेमकी लष्कराच्या बराकींपुढे. लष्कराचं म्हणणं, आमच्या दारातला किनारा आमचा, तेव्हा त्याच्यापुढे जे काही वर येईल तेही आमचं. सरकारचं म्हणणं, दगड आम्ही टाकले. दोन्ही कचेऱ्या इतक्या जवळ की एका साहेबाची शिंक दुसऱ्याला ऐकू जाते, पण बोलायचं म्हणून नाही. पत्र लिहायचं, ते विलायतेला जाणार, तिथून उत्तर येणार. मला उठवायचं तर आधी जमीन आपली ठरायला हवी, म्हणून सहा वर्षं मला कोणीच उठवेना. सरकारचे मुकादम माझी खारवलेल्या अंड्याची पेज खात, लष्कराचे शिपाईही खात, आणि दोघंही मला म्हणत, "तू बस रे निवांत. त्यांनी ऊठ म्हटलं तर आम्हाला सांग." त्या काळात मी स्वतःला फार हुशार समजू लागलो होतो. (आपली भाचेसून आ-यून तसं समजत नव्हती, पण तिला काय कळतं, असंही मी समजत होतो.)

आता दगडाचं सांगायला हवं. पहिल्याच दिवशी आ-यून म्हणाली, "देवाला न सांगता चूल पेटवताय? लाज कशी वाटत नाही?" जमीन आहे, म्हणजे भूमिदेव मांडा. मी म्हटलं, अगं, काल-परवापर्यंत इथे मासे होते, ही जागा समुद्रमातेची. दोन दिवस घरात अबोला. (सरकार आणि लष्कराला मी हसतो, पण आमच्यात विलायतेला पत्र टाकायची सोय नाही एवढाच फरक.) शेवटी एक दगड लाल रंगवून भूमिदेव म्हणून मांडला आणि उदबत्ती दोघांना मिळून एक. देवाला थंडीत ऊन हवं, उन्हाळ्यात सावली हवी. तेव्हा आ-यून दोन लाकडी फाके जमिनीवर टाकून कौल घ्यायची. एक उताणा, एक पालथा पडला की देव हो म्हणाला, आणि मग तो धोंडा मी छातीशी धरून कण्हत हलवायचा. थंडीतल्या आणि उन्हाळ्यातल्या जागेत चाळीस पावलांचं अंतर होतं.

लष्कराने मोजणी केली थंडीत. सरकारने केली उन्हाळ्यात. दोघांनाही तो लाल दगड हद्दीचाच वाटला. झाले दोन नकाशे, आणि तीन वर्षं दोघं एकमेकांना जमीनचोर म्हणत राहिले. मी त्यांच्या माणसांना पेज वाढताना "काय एकेक माणसं असतात हो!" म्हणून मान हलवत होतो.

परवा दोन्ही साहेब साखळ्या, छत्र्या आणि दुभाषी यिप यांना घेऊन हजर. यिप म्हणाला, "कम-पिउ, खरं बोल. हा दगड मुळात कुठे होता?" हलवतो म्हणावं तर थेट तुरुंग. तेव्हा मी माझी सगळी हुशारी गोळा करून म्हणालो, "आहे तिथेच की! पहिल्या दिवसापासून." आणि नेमका त्या सकाळी, धूर देवाच्या डोळ्यांत जातो म्हणून, दगड वाऱ्याच्या बाजूने हंड्याला खेटून ठेवलेला होता. साहेबांनी पावलं मोजली. या बाजूला वीस, त्या बाजूला वीस. दोघांचंही निम्मं खरं निघालं! नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात मिळवले. हद्द माझ्या हंड्याखालून गेली, चूल लष्कराकडे आणि बाकडी सरकारकडे. मी आनंदाने दोघांना पेज वाढली, वर लोणचंही घातलं.

आज दोन नोटिसा आल्या. लष्कर म्हणतं चूल काढ, सरकार म्हणतं बाकडी काढ, महिनाअखेरीच्या आत. मामा, त्यांचं भांडण हेच माझं छप्पर होतं आणि ते मी माझ्या हाताने उतरवलं. मला दुसरं काही येत नाही. बोटीवर मला ओकारी होते, आणि नांगर कसा धरतो ते आपण पाहिलंच आहे. पाच तोंडं या हंड्यावर जगतात. मी चुलीमागे बसून रडलो, खोटं कशाला सांगू? आ-यूनने विचारलं तर धूर म्हणालो.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

आपला अडाणी भाचा,
कम-पिउ

ता. क. आपल्यासारखं अक्षर साऱ्या तालुक्यात नाही. हातासरशी दोन निनावी अर्ज लिहून पाठवावेत. एक लष्कराला, की सरकारने दगड सरकवून तुम्हाला फसवलं. दुसरा सरकारला, की लष्कराने फसवलं. दुसरा कृपया डाव्या हाताने लिहावा. भाषांतर यिप करील, त्यालाही माझी पेज सोडवत नाही.

आणखी ता. क. अर्ज लिहू नयेत. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात आ-यूनने भर दुपारी, सगळ्यांदेखत, कौल घेऊन दगड पंधरा पावलं हलवला. (एकटीने. मला वाटायचं तो मलाच उचलता येतो.) दोन्ही साहेब धावत आले. यिप ओरडला, "वहिनी, कुणाला विचारून हलवलात?" ती पेज ढवळतच म्हणाली, "जागेच्या मालकाला विचारून." यिपने ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. त्यावर दोन्ही साहेब एकदमच म्हणाले, "हो, परवानगी आम्हीच दिली होती." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आत्ता आपापल्या कचेरीत विलायतेला पत्र लिहायला बसले आहेत.