ग्रोल्याची सहावी तोटी

तीर्थस्वरूप ओनोरिनाताईच्या चरणी (त्यातही उजव्या चरणी, कारण दुखणं त्याच्याच वरच्या गुडघ्यात) धाकट्या सेव्हेरीनाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तोरिनोची हवा मानवते का? जिने चढतेस की लिफ्टने जातेस? खरं काय ते कळव. इकडे सगळं ठीक. गाई कुरणावर मजेत आहेत, चीज यंदा बरं धरलंय आणि तेओफिलो अजून माझा नवराच आहे. (पत्र संपेपर्यंत राहील असं वाटतं.)

आपल्या गावाला डोंगरात पळण्याचं वेड लागलंय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पूर्वी कुणी खिंडीतून पळत आलं की वासरू दरीत पडलं असं समजून आपण दोर घेऊन धावायचो. हल्ली लोक छातीवर नंबर लावून हौसेने पळतात. यंदा पहिल्यांदाच त्यांची वाट खिंड उतरून आपल्या कुरणातून, थेट आपल्या दारावरून नेली. शर्यतीचे अध्यक्ष म्हणजे आपले औषधवाले ग्रातो. त्यांनी आधीच बजावलं होतं, नीट पार पडलं तर वाट कायमची तुमच्या दारावरून, नाहीतर पुढच्या वर्षी पलीकडच्या क्लेमेंतीनाच्या कुरणातून. (तीच क्लेमेंतीना, जिच्या गाईने शिंगांच्या झुंजीत आपल्या मोरेत्ताला मागे रेटलं आणि जी तेव्हापासून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते.) ताई, तुला म्हणून सांगते, मला ती वाट फार हवी होती. दोन्ही मुलं मिलानला गेल्यापासून उन्हाळाभर बोलायला फक्त गाई आणि तेओफिलो, आणि त्यातल्या त्यात गाई बऱ्या. वर्षातून एक दिवस दारातून माणसांची रांग जावी, एवढीच माझी हाव.

आम्हाला काम दिलं होतं पाणी वाटायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं. पण तुझ्या मेहुण्याच्या मते पाणी गुरांना दाखवायचं असतं, पाहुण्याला नव्हे. त्याने फळीवरचा सहा तोट्यांचा लाकडी ग्रोला काढला, त्यात कॉफी, ग्रापाची कडक दारू, साखर, संत्र्याची साल घालून वरून काडीने पेटवलं. मी म्हटलं, अहो, ही पळणारी माणसं आहेत, वरात नाही. तर म्हणतो कसा, "तू गप गं! दारात आलेला माणूस नुसत्या पाण्यावर गेला, तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा राहील का?"

पहिला आला तो एरमेते, शेजारच्या खोऱ्यातला, हरणासारखा पोरगा. हात पुढे केला पाण्यासाठी, तर तेओफिलोने हातात ग्रोला ठेवला. आता आपल्या डोंगरातल्या माणसाला काय सांगायला हवं? हातात आलेला ग्रोला रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, आणि एकट्याने प्यायचा नाही, तोटीगणिक एक माणूस हवा, नाहीतर ठसका लागतो. बाहेरचा असता तर फेकून पळाला असता. पण नाकारून गेला असता, तर ह्याच्या आजीने ह्याला घरात घेतला नसता. बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, मी पहिला आहे हो!" तेओफिलो म्हणाला, "मग बस की लेकरा. दुसरा येईलच."

दुसरा बेर्गामोचा. पहिला बसलेला पाहून त्याला वाटलं, इथे बसायचा नियमच आहे. तोही बसला. दोघांना पाहून तिसऱ्या नंबरची बाईही बसली. असे सहा जण झाले, सहा तोट्या भरल्या आणि ग्रोला फिरू लागला. रिकामा व्हायला आला की हा पठ्ठ्या मागून आणखी ओतायचा! मागचे येत गेले, अंगण भरत गेलं. मी मक्याच्या पिठाचा गरम पोलेंटा काढला. मोरेत्ताने एका गृहस्थाची घामेजलेली पाठ चाटून लख्ख केली (मीठ फुकट मिळालं तर ती सोडते होय?). ताई, आपल्या अंगणात इतकं हसणं तुझ्या लग्नानंतर मी ऐकलं नव्हतं.

खाली गावात शेवटच्या फितीपाशी मात्र बँड तयार, पाद्रीबाबा तयार, ग्रातो हातात घड्याळ घेऊन तयार, आणि खिंडीकडून चिटपाखरू येईना. शेवटी पहिले म्हणून आले ते हे सहाही जण गळ्यात गळे घालून, गाणी म्हणत. फीत एक आणि छात्या सहा. ग्रातो ओरडले, "ही शर्यत आहे की वऱ्हाड?"

संध्याकाळी सभेत वाट आमच्याकडून काढून क्लेमेंतीनाला दिली. ती गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडे फक्त पाणी मिळेल हं." ताई, मला रडू आलं, तेओफिलोही खाली मान घालून बसला. तेवढ्यात एरमेते उठला. म्हणाला, "नेहमी मी पुढे असतो, मागे कोण आहे ते कधी दिसतच नाही. आज पहिल्यांदा त्यांची तोंडं पाहिली. ह्यांच्या दारावरून वाट नसेल, तर मीही नाही." मग बाकीचे पाचही उठले. ग्रातोंनी घाम पुसला आणि तोड काढली: घाईची शर्यत क्लेमेंतीनाकडून जाईल, आणि आपल्या दारावरून दुसरी, सहा-सहा जणांची. सहाही जणांनी ग्रोला संपवायचा आणि सहाही जणांनी मिळून पोचायचं.

तर असं सगळं गोड झालं. तुझ्याकडून काही नको, फक्त तब्येत सांभाळ.

तुझी धाकटी,
सेव्हेरीना

ता. क. १ : शर्यतीला डॉक्टरांचा दाखला लागतो. गुडघ्याची चौकशी काही उगाच केलेली नाही. वाट सगळी उताराची आहे (आधीचा चढ सोडला तर), आणि चालत आलं तरी चालतं.

ता. क. २ : आमच्या गटात मी, तेओफिलो, पाद्रीबाबा, खुद्द ग्रातो (घड्याळ घरी ठेवण्याच्या अटीवर) आणि क्लेमेंतीना. हो, तीच. स्वतःच्या दारात पाणी वाटत बसायचा तिला आत्ताच कंटाळा आलाय. आज सरावासाठी ग्रोला भरला. पाच जणांनी आपापला वाटा प्यायला, सहाव्या तोटीचा तुझा घोट तेवढा तळाशी राहिलाय. खाली ठेवता येत नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने धरून बसलो आहोत. हे मी डाव्या हाताने लिहितेय. लवकर ये गं.