पाप्पाचं न्हाणं आणि माझ्या दोन गोळ्या

मार्गळी महिना, सोमवार
पाप्पाला, आमच्या तान्हीला, न्हाऊ घातलं. किती वर्षांनी माझ्या पद्माला लेकरू झालं, नि बाळंतपणाला माहेरी, कुंभकोणम्‌लाच आली. अजून काय पाहिजे मला! पाय पसरून बसावं, पायांवर पालथी घालावी, पाठीला तेल चोळावं. लोणी नुसतं. नाक आमच्या ह्यांचं. हे म्हणतात, "बिचारी!" मग सांबराणीची धुरी. झोपली ती दुधालाही उठेना.
उठताना डोकं गरगरलं. चौकट धरली. कालही झालेलं. बोलले नाही कोणाला. थंडीचं असेल.

मंगळवार
पहाटे दारात तांदळाच्या पिठाचं कोलम् काढून उठले, पुन्हा तेच. शेजारीण लगेच, "तलै सुत्तुदा, मामी?" डोकं फिरतं का म्हणे. छे, गुडघा गं, म्हटलं. हिला कळलं की पद्माला कळलं, नि पद्मा पाप्पाला हातात देणार नाही.
गोळ्यांनीच होतं. छातीची एक, बी.पी.ची एक. कडक दिल्यात डॉ.नी. छातीची सोडून बघू का थोडे दिवस? पण मागे ती धडधड झालेली... नक्को बाई. गोळ्या घेतल्या.
जावई पापनाशम्‌हून वांगी घेऊन आले. कोवळी. रसवांगी केली. तीनदा वाढून घेतली त्यांनी.

गुरुवार
पाप्पा पायांवर, साबण लावलेली. मी वाकून तांब्या घेतला, मान वर केली, नि डोळ्यांपुढे काळोख. "पद्मा, घे गं हिला!" एवढंच ओरडले. धावत येऊन उचलली तिने. पाप्पाला काही झालं नाही. पट्टीश्वरम्‌ला जाऊन देवीची ओटी भरीन.
पद्मा आधी रडली, मग चिडली. "कधीपासून होतंय, आई? मला का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर न्हाऊ घालू दिलं असतंस?"


शुक्रवार
काल पद्माने तस्संच ऑटोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी निजवून बी.पी. मोजलं, मग उभं करून. उभी राहिले की फार उतरतं. "गोळ्या नीट घेता ना, पाट्टी?" आजी झाले ना आता, पाट्टीच म्हणतात.
मी म्हटलं, एक चुकवली नाही! मार्गळीत पूजा लांबते, नैवेद्य होईतो मी सोवळ्यात, खात नाही. गोळ्यांच्या पाकिटाला किती जणांचे हात लागलेले, शिवायचं कसं? म्हणून सकाळची नि रात्रीची, दोन्ही रात्रीच एकदम घेते. पोटात जायच्या त्या गेल्या ना?
बाईंनी कपाळाला हात लावला. दोन एकत्र नक्को, मनाने सोडायचीही नाही. सकाळची खाऊन सकाळीच. उठताना आधी बसायचं, मग उभं. ह्यानेच होतं की छातीच्या ठोक्यांतच काही आहे, ते पुढच्या गुरुवारी बघू म्हणाल्या.
तोवर पाप्पाचं न्हाणं बंद.

रविवार
पूजा आता हे करतात, लवकर. "देवाला उशिरा जेवायची सवय तूच लावलीस," म्हणतात. माझी इडली खाऊन झाली की तीर्थ देतात तशी गोळी वरून हातावर टाकतात. पाकिटाला मी शिवत नाही. हसू येतं दोघांना.
न्हाऊ पद्मा घालते. मी पाटावर बसून सांगते, मान धर, कानात पाणी जाईल. "आई, तू डॉक्टरपेक्षा जास्त बोलतेस." पाप्पा रडरड रडली. माझ्याकडेच बघून, असं मला वाटलं.

बुधवार
उद्या दवाखाना. सोमवारी गरगरलं नाही, काल नाही. आज कोलम् काढून हळू उठले तरी जरासं... झालं. की भीतीनेच? कोणी बघितलं नाही. नाही सांगितलं तर पाप्पा परत माझ्या पायांवर.
सांगणार. साबणाची ती निसरडी पाठ आठवते.
दुपारी भिंतीला टेकून उगीच पाय पसरून बसले होते. पद्माने बघितलं. पाप्पाला आणून पायांवर निजवली नि शेजारीच बसली, एक हात तिच्यावर ठेवून. पाणी नाही, तेल नाही. माझ्या डाव्या हाताचा अंगठा धरून झोपलीय पोर, उजव्याने लिहितेय. पायाला मुंग्या आल्यात. हलवत नाही.